पाळण्यातले पाहुणे

रायगडावर १९९६ साली रोपवे सुरू झाला, तेव्हा त्यातून वर येणाऱ्यांसाठी आमच्या भटक्या मंडळीत एक नाव रूढ झाले होते: ‘पाळण्यातले पाहुणे’. ते मी ठेवले नव्हते, पण वापरले मात्र मनसोक्त. चित्त दरवाजापासून चौदाशेच्या वर पायऱ्या चढून, महादरवाजात क्षणभर टेकून, घामाने भिजलेल्या पाठीने होळीच्या माळावर पोचावे, तर तिथे कपड्यांची इस्त्रीही न मोडलेली माणसे गाइडभोवती कोंडाळे करून उभी असत, आणि आम्ही मैत्रिणी एकमेकींकडे बघून डोळे मिचकावत असू. गड पायांनी बघायचा असतो, हे आमचे तेव्हाचे ब्रह्मवाक्य होते. काही वर्षांपूर्वी बीजिंगच्या वायव्येला असलेल्या श्यांगशान नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी, तिकिटाच्या रांगेत उभी असताना मला हे सगळे आठवले, कारण रांग खुर्च्यांच्या रोपवेची होती आणि माझा उजवा गुडघा गेली तीन वर्षे चढाचे नाव काढू देत नव्हता.

भाचा तिथे नोकरीला होता आणि मी महिनाभर त्याच्याकडे राहायला गेले होते. ‘मावशी, ऑक्टोबर संपायच्या आत श्यांगशान बघितलाच पाहिजे, नाहीतर इथली माणसे मला माफ करणार नाहीत,’ असे त्याने पहिल्याच दिवशी सांगून ठेवले होते. पाने लाल होण्याचे ते दोन-तीन आठवडे असतात आणि त्या काळात निम्मे शहर डोंगराकडे लोटते. आम्ही शहाणपणा करून सुट्टीचा वार टाळला, पण तोच शहाणपणा शहरातल्या समस्त निवृत्तांनीही केलेला होता. बागोऊहून निघणारी ट्राम चहाच्या थर्मासांनी, टोप्यांनी आणि घडीच्या काठ्यांनी भरून गेली होती. ही ट्राम २०१७ च्या डिसेंबरअखेरीस सुरू झालेली, म्हणजे तशी नवीच. ती उन्हाळी राजवाड्याच्या पश्चिम दाराशी थांबते, वनस्पती उद्यानाशी थांबते आणि मग डोंगराच्या पायाशी संपते. शेवटच्या थांब्यापासून वर जाणारा रस्ता दोन्ही अंगांनी दुकानांचा आहे. काळ्या वाळूत परतलेले गरम चेस्टनट, काडीला ओवून साखरेच्या पाकात बुडवलेली आंबट लाल फळे, भाजलेली रताळी आणि प्लॅस्टिकमध्ये बंद केलेली लाल पाने. झाडावरचे पान तोडू नका असे जागोजागी लिहिलेले असताना ही पाने कुठून येतात, हे मी भाच्याला विचारले. त्याने दुकानदारिणीला विचारले. तिने उत्तर म्हणून किंमत कमी केली.

श्यांगशान म्हणजे सुगंधी डोंगर. शिखरावरचे खडक धूपदाणीसारखे दिसतात म्हणून हे नाव पडले असे काही जण सांगतात, तर पूर्वी इथे जर्दाळूचा मोहोर दरवळत असे म्हणून, असे दुसरे. उंची म्हणाल तर साडेपाचशे मीटरच्या थोडी वर. सिंहगड याच्या दुपटीहून उंच भरेल. पण बीजिंगचे मैदान समुद्रसपाटीच्या फारसे वर नसल्यामुळे चढ जवळजवळ सगळाच्या सगळा अंगावर येतो, आणि शिखराच्या त्या उभ्या टप्प्याला लोकांनी जे टोपणनाव दिले आहे त्याचा अर्थ, भुतालाही बघून काळजी वाटावी असा, असा होतो. सह्याद्रीच्या माणसाला त्याचे हसू येते. मलाही आले होते, गुडघ्याची आठवण होईपर्यंत.

रोपवेचे खालचे ठाणे उत्तरेच्या दाराजवळ आहे आणि त्या दाराला लागूनच बियुन मंदिर आहे. ‘आधी देव, मग डोंगर,’ असे म्हणून मी भाच्याला तिकडे वळवले. खरे कारण असे, की खुर्चीत बसण्याचा क्षण मला जरा पुढे ढकलायचा होता.

हे मंदिर १३३१ साली, युआन राजवटीत, एक साधा विहार म्हणून सुरू झाले आणि पुढे दरबारातल्या खोज्यांच्या पैशाने वाढले. मिंग राजवटीच्या उत्तरार्धात ज्याच्या नावाने प्रधानही चळचळ कापत, त्या वेई जोंगश्येन या खोज्याने १६२३ साली इथे मोठे बांधकाम केले आणि मागच्या अंगाला स्वतःसाठी थडग्याची जागाही करून ठेवली. चारच वर्षांनी त्याची सत्ता गेली, त्याने गळफास लावून घेतला आणि ती जागा त्याच्या कामी आली नाही. मग छिंग सम्राट छ्येनलोंग याने १७४८ साली इथे संगमरवरी चौथऱ्यावर मनोऱ्यांचा जुडगा उभारला, बोधगयेच्या महाबोधी मंदिराच्या धाटणीचा. पस्तीस मीटरच्या आसपास उंच असलेल्या त्या वास्तूपाशी पोचल्यावर परक्या देशात आपल्या गावचे आडनाव ऐकू यावे तसे मला झाले. कोरीवकामातले बुद्ध, हत्ती, सिंह ओळखीचे होते, फक्त त्यांचे डोळे जरा वेगळे होते. मनात सहज हिशेब केला: छ्येनलोंग हे बांधत होता त्याच सुमारास, १७४९ साली, नानासाहेब पेशव्यांनी पुण्यात पर्वतीवर देवदेवेश्वराचे देऊळ पुरे केले. दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याच्या टेकडीची खबर असण्याचे कारण नव्हते. राजधानीपासून हाकेच्या अंतरावर एक उंचवटा असावा, तिथे देव असावा आणि कारभाराचा कंटाळा आला की तिथे जाऊन बसावे, ही दोघांची गरज मात्र एकच होती. नानासाहेबांनी तर पानिपतानंतर शेवटचा श्वासही पर्वतीवरच घेतला.

या मनोऱ्यांच्या चौथऱ्यात आज सन यत्सेन यांचे कपडे आणि टोपी बंद करून ठेवलेली आहेत. ते मार्च १९२५ मध्ये बीजिंगमध्ये वारले, त्यांची शवपेटी चार वर्षे याच मंदिरात होती आणि १९२९ साली ती नानजिंगला नेली गेली. खोज्याला जी जागा लाभली नाही तिच्या आसपास चीनमधली राजेशाही संपवणाऱ्या माणसाचे कपडे विसावले आहेत, आणि हे कोणी योजून केलेले नाही.

पण मला या मंदिरात सगळ्यांत जास्त वेळ थांबवले ते अर्हतांच्या, म्हणजे मुक्ती मिळालेल्या बौद्ध साधूंच्या दालनाने. सोन्याचा मुलामा दिलेल्या, माणसाएवढ्या पाचशे लाकडी मूर्ती आडव्या-उभ्या गल्ल्यांमध्ये बसलेल्या आहेत. कोणी हसतो आहे, कोणी कान कोरतो आहे, कोणाच्या मांडीवर पोर आहे. एका गल्लीत वळले की दोन्ही बाजूंनी चेहरे, आणि गल्ली संपली की आणखी चेहरे. देवळापेक्षा ते लग्नाच्या पंगतीसारखे वाटते. या पाचशेंमध्ये छ्येनलोंगने स्वतःचीही मूर्ती बसवून घेतली, असे तिथे सांगतात, आणि चिलखत व बूट घातलेली एक मूर्ती दाखवतात. बाकीचे सारे झगे नेसून आरामात बसलेले असताना हा एकटा लढाईच्या पोशाखात. मुक्ती मिळालेल्यांच्या रांगेत जागा पाहिजे, पण आपण कोण हे ओळखू आले पाहिजे, अशी त्याची दोन्हींकडून मागणी दिसते. मला त्याचा राग आला नाही. सामूहिक छायाचित्रात हळूच मधोमध सरकणारे आमच्या नात्यातही आहेत.

खरी गंमत वर होती. भाच्याने माझ्या खांद्याला स्पर्श करून छताकडे बोट दाखवले. तुळईवर एक लहानशी मूर्ती बसलेली होती. तो ‘जी गोंग’ नावाचा, मांसमद्य वर्ज्य न मानणारा, फाटक्या कपड्यांतला, गरिबांच्या कामाला धावणारा वेडा भिक्षू. तो उशिरा पोचला, खाली सगळ्या जागा भरलेल्या होत्या, म्हणून तो तुळईवर जाऊन बसला, अशी कथा आहे. सम्राटाने हक्काने जागा घेतली आणि याने उशीर करून सगळ्यांच्या वरची मिळवली. दालनातली माणसे छ्येनलोंगची मूर्ती विचारून विचारून शोधत होती. जी गोंग सापडला की मात्र ती आपोआप हसत होती.

मंदिर झाले, आता टाळायला काही उरले नाही. रांग पुढे सरकत होती.

या रोपवेत डबा नाही. दोन माणसे बसतील एवढी उघडी खुर्ची असते आणि ती थांबत नाही. जमिनीवर दोन पावले रंगवलेली असतात, त्यांवर पाय ठेवून उभे राहायचे आणि मागून येणारी खुर्ची गुडघ्यांच्या मागे लागली की बसायचे. ‘मावशी, मागे बघू नका,’ असे भाचा म्हणाला, म्हणून मी मागे बघितले. तेवढ्यात तिथल्या कर्मचाऱ्याचा तळवा पाठीवर आला, न ढकलता, फक्त दिशा देण्यापुरता, आणि पुढच्या क्षणी जमीन पायांखाली नव्हती. आडवी दांडी आपल्याच हाताने खाली ओढायची. ती ‘खट्’ असा आवाज करून बसली तेव्हाच मी श्वास सोडला.

१९८२ साली झालेला हा रोपवे १४०० मीटर लांब आहे आणि एवढ्या अंतरात तो ४३१ मीटर उंची चढतो. त्याला अठरा मिनिटे लागतात. अठरा मिनिटे ही फार विचित्र मुदत आहे. गंमत म्हणून बसावे तर ती लवकर संपत नाही आणि भीती म्हणून बसावे तर तीही इतका वेळ टिकत नाही. पहिली पाच मिनिटे मी दांडी घट्ट धरून समोरच्या खुर्चीच्या पाठीवरचा आकडा वाचत होते. मग एक खांब आला, तारेवरच्या चाकांची खडखड झाली, खुर्चीला हलकासा हिसका बसला, आणि तो पार झाल्यावर जी शांतता पसरली तिच्यात मला पहिल्यांदा खाली बघावेसे वाटले.

खाली पाने होती. झाडाखालून पाने बघण्याची आपल्याला सवय असते. इथे आपण शेंड्यांच्याही वरून जात होतो आणि पानांची उन्हाकडची बाजू आपल्याकडे होती. श्यांगशानचा लाल रंग म्हटला की लोकांना मेपल आठवतो, पण इथली बहुतेक झाडे वेगळी आहेत. उंचीला बेताची, झुडपासारखी फुटणारी, आणि पान जवळजवळ गोल, जुन्या रुपयाच्या नाण्यावर देठ चिकटवावे तसे. चीनमध्ये या झाडाच्या लाकडापासून पूर्वी पिवळा रंग काढत आणि त्याच्या नावातही पिवळाच रंग आहे, हे लक्षात ठेवून त्या लाल उताराकडे बघावे. दिवसा ऊन आणि रात्री कडक गारठा असे आठ-दहा दिवस लागोपाठ मिळाले की पानातले हिरवे द्रव्य मोडते, पानात साठलेल्या साखरेपासून लाल रंग तयार होतो आणि डोंगर पेटतो. आमच्या वर्षी गारठा थोडा उशिरा पडला असावा, कारण कडेचे लाल, मधले नारिंगी आणि देठाजवळ अजून हिरवे, असे तिन्ही ऋतू एकेका पानात दिसत होते. एका फांदीवर एक कॅनव्हासचा बूट अडकला होता. कोणाचा तरी एकच बूट, नाडीसकट. तो माणूस वर पोचल्यावर पुढे कसा चालला असेल, याचा विचार करण्यात माझी दोन मिनिटे गेली.

डावीकडे झाडांमधून हिरव्या-पिवळ्या चकाकणाऱ्या विटांचा सात मजली मनोरा वर आला. तो जाओ मंदिराचा. छ्येनलोंगच्या सत्तराव्या वाढदिवसासाठी १७८० साली तिबेटी बौद्धांचे थोर धर्मगुरू, सहावे पांचेन लामा, तिबेटहून मजल दरमजल करीत आले, तेव्हा त्यांच्यासाठी ही तिबेटी धाटणीची वास्तू बांधली गेली. त्याच वर्षी बीजिंगमध्ये देवी येऊन ते वारले. एवढे मोठे यजमानपण, आणि पाहुण्याच्या वाट्याला त्याचे किती दिवस आले.

‘पांचेन लामा इथे वर आले असतील का?’ असे मी भाच्याला विचारले.

‘आले असतील तर चालत नक्की नसतील,’ तो म्हणाला.

त्याने ते सहज म्हटले, पण मी उरलेली चढण त्याच वाक्यावर काढली. राजे डोंगरावर चालत येत नसत. सम्राटाची स्वारी घोड्यावरून यायची, पालखीतून यायची. ज्या पायऱ्यांवर आज लोक अभिमानाने घाम गाळतात त्या पायऱ्या तेव्हाही घामानेच चढल्या जात होत्या, पण तो घाम भोयांचा होता. म्हणजे डोंगर पायांनी बघायचा असतो हे ज्यांचे ब्रह्मवाक्य असायला हवे होते, त्यांना तो बघण्याची सवडच नव्हती. समोरच्याच्या टाचा आणि खांद्यावरचा दांडा, एवढाच त्यांचा डोंगर. आणि मग मला आमचा रायगड आठवला. रोपवेतून उतरलेला माणूस गडात शिरतो तो मेणा दरवाजाने. राणीवशाकडचा, मेणे जाण्यायेण्याचा दरवाजा. गेली कित्येक वर्षे मी ते नाव उच्चारत होते, पाहुण्यांना सांगत होते, आणि ‘पाळण्यातल्या पाहुण्यां’वर हसतही होते. हे पाहुणे नेमके मेण्याच्याच दरवाजाशी उतरतात, हे मला बीजिंगमध्ये, तारेवर लटकत असताना सुचावे, याला काय म्हणावे? रोपवे म्हणजे भोयांवाचूनचा मेणा. तिकीट काढील तो त्यात बसेल, आणि कोणाचा खांदा सुजणार नाही.

शिखरावर उतरताना पुन्हा एक तळवा पाठीवर आला आणि आम्ही जमिनीवर धावतच पोचलो. वर काहीही दिसत नव्हते. काहीही म्हणजे काहीही. खाली झाडांमध्ये असताना लक्षात न आलेला करडा पडदा वर आल्यावर चारी बाजूंनी उभा होता. इथून उन्हाळी राजवाड्याचे तळे दिसते, अलीकडे जेड झऱ्याच्या टेकडीवरचा मनोरा दिसतो आणि त्यांच्यामागे सगळे बीजिंग पसरलेले असते. हे मला ठाऊक आहे, कारण कठड्याशी उभे असलेले एक आजोबा आपल्या मंडळींना धुरक्यात बोट रोखून एकेक जागा दाखवत होते, आणि मंडळी मान डोलावत होती. पावसाळ्यात टकमक टोकावर उभे राहून ढगांत ‘तो बघ तोरणा’ म्हणणारे काका मी पाहिलेले आहेत, त्यामुळे मला काही नवल वाटले नाही.

शिखराचे नाव कोरलेल्या शिळेपाशी छायाचित्रांसाठी रांग होती. तिच्या शेजारी एक माणूस पितळी रंगाची पदके विकत होता. आपण हे शिखर सर केले असे त्यावर छापलेले असते आणि तो आपले नाव व तारीख हातयंत्राने तिथल्या तिथे कोरून देतो. तुम्ही पायी आलात की खुर्चीतून, असे तो कोणालाच विचारीत नव्हता. भाच्याने पाकीट काढले तेव्हा मी त्याचा हात धरला. निदान तेवढी लाज शिल्लक होती.

त्या लाजेनेच मग घोळ केला. परतीचे खुर्चीचे तिकीट घ्यायचे की नाही, यावर मी ‘उतरणे काय, सोपे असते’ असे म्हणून बसले. ज्याचा गुडघा दुखतो त्याला चढापेक्षा उतार कसा जातो, हे मला तीन वर्षांच्या अनुभवाने पक्के ठाऊक होते. तरी म्हणाले. दगडी पायऱ्या, मग फरसबंद वाट, मग पुन्हा पायऱ्या. पहिली पंधरा मिनिटे मी भाच्याच्या पुढे होते आणि नंतर शेवटपर्यंत मागे.

डोंगराच्या वरच्या अंगालाच छ्येनलोंगच्या अक्षरांतली एक शिळा आहे. ‘पश्चिमेच्या टेकड्यांवर उघडीप आणि बर्फ’ अशा अर्थाची चार अक्षरे तिच्यावर आहेत. जुन्या बीजिंगची म्हणून जी आठ दृश्ये गणली जातात त्यांतले हे एक. बर्फ पडून गेल्यावर लख्ख ऊन पडले की इथून जे दिसते ते दृश्य. आम्हाला ना बर्फ मिळाले ना ऊन. दृश्य नसताना त्याचे नाव तेवढे दगडावर वाचायचे, असा तो योग होता. या सम्राटाला नावे देण्याचा नादच होता. त्याच्या आजोबाने, कांगशीने, इथे मुक्कामापुरता महाल बांधला होता. नातवाने १७४५ साली काम काढले, पुढच्या वर्षी डोंगरभर महाल, मंडप, देवळे उभी केली, सगळ्या परिसराला जिंगयीयुआन म्हणजे शांत निवांत उद्यान असे नाव दिले आणि त्यातल्या अठ्ठावीस जागा निवडून प्रत्येकीचे बारसे केले. वर प्रत्येकीवर कविता. त्याच्या नावावर चाळीस हजारांहून अधिक कविता आहेत. वेठीला धरलेली विश्रांती म्हणावी अशी ही विश्रांती आहे. कारभार विसरायला माणूस डोंगरावर आला आणि इथेही यादी करीत बसला.

ती अठ्ठावीस ठिकाणे आज बहुतेक नव्याने बांधलेली किंवा नुसत्या जोत्यांच्या रूपात आहेत, आणि याचे कारण सांगताना माझी जीभ जड होते. ऑक्टोबर १८६० मध्ये इंग्रज आणि फ्रेंच फौजा बीजिंगवर चालून आल्या. त्यांच्या वाटाघाटीच्या माणसांपैकी काही जण चिनी कैदेत हालहाल होऊन मेले होते. त्याचा सूड म्हणून इंग्रज वकील लॉर्ड एल्गिन याच्या हुकमावरून युआनमिंगयुआन हा जुना उन्हाळी राजवाडा आणि त्याच्याबरोबर या टेकड्यांवरची उद्याने पेटवली गेली. उरलेसुरले १९०० सालच्या धामधुमीत गेले. इंग्रजांच्या त्या १८६० च्या फौजेत हिंदुस्थानातल्या पलटणीही होत्या, शीख आणि पंजाबी. आपल्याकडे सत्तावन्नाचा उठाव चिरडून दोन वर्षे होतात न होतात तोच इथली माणसे तिकडे नेऊन दुसऱ्याचे राजवाडे जाळायला लावली. वाटेवरच्या फलकावर ‘इंग्रज-फ्रेंच फौजा’ एवढेच लिहिले होते, असे भाच्याने वाचून सांगितले. आपले नाव तिथे नाही, हे बरे वाटले की वाईट, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

श्यांगशान मंदिरही त्यातच गेले. १९५६ साली डोंगर सार्वजनिक उद्यान म्हणून खुला झाला तेव्हा मंदिराच्या जागी भग्न जोती आणि एक शिळा होती. अलीकडे ते पुन्हा बांधून २०१७ साली उघडले आहे. रंग ताजे आहेत, सोनेरी फारच सोनेरी आहे. मला त्यातले फारसे काही भावले नाही. पण त्याच्या दाराशी दोन जुनी पाईन झाडे आहेत, जरा वाकून उभी असलेली. धर्मप्रवचन ऐकणारी झाडे असे त्यांचे नाव. देवळात प्रवचन चाले तेव्हा ती आत कान देऊन उभी राहत, अशी कथा. कान दिल्यासारखी ती खरोखर दिसतात. मी त्यांच्याशेजारच्या कट्ट्यावर बसून गुडघ्याला मलम चोळले आणि आत काही ऐकू येते का ते पाहिले. ध्वनिक्षेपकावरून हरवलेल्या मुलाची घोषणा चालली होती.

तिथून थोडे खाली श्वांगछिंग. डोंगरातून दोन झरे येतात, कातळावर छ्येनलोंगच्या हातची दोन अक्षरे कोरलेली आहेत, खाली छोटेसे तळे आणि त्याच्या काठी सहा खांबांचा मंडप आहे. मार्च १९४९ मध्ये माओ बीजिंगला आले ते आधी इथेच राहिले, आणि विरोधी राष्ट्रवादी सरकारची राजधानी नानजिंग पडल्याची बातमी छापलेले वर्तमानपत्र वाचतानाचे त्यांचे याच मंडपाजवळचे छायाचित्र चीनमध्ये सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे गर्दी सगळी मंडपाशी होती आणि झऱ्याशी जागा मोकळी होती.

मला झरा बघायचा होता. या पाण्याची गोष्ट छ्येनलोंगच्याही साडेपाचशे वर्षे आधीची आहे. जिन राजवटीचा सम्राट जांगचोंग शिकारीला इथे येत असे. एकदा तो इथे झोपला असताना त्याला स्वप्न पडले. स्वप्नात त्याने बाण सोडला आणि बाण जिथे रुतला तिथून पाणी उसळले. जागा झाल्यावर त्याने ती जागा खणायला लावली आणि खरोखर झरा लागला. स्वप्नातून आलेला झरा असेच मग त्याचे नाव पडले. मी ही गोष्ट ऐकत होते तेव्हा माझ्या मनात दुसरीच चालू होती. आपल्या गडाची सर्वांत लाडकी गोष्ट महाराजांच्या स्वप्नाची नाही, ती तान्ह्या बाळासाठी रात्री कडा उतरून गेलेल्या हिरकणीची आहे. महाराज त्या गोष्टीत शेवटी येतात, साडीचोळी देतात आणि बुरुजाला तिचे नाव देतात. इकडच्या गोष्टीत स्वप्न सम्राटाचे, बाण सम्राटाचा आणि झरा सम्राटाचा. खणणारे होतेच. कुदळ त्यांच्या हातात होती आणि पाणी सर्वांत आधी त्यांच्याच पायांना लागले असणार, पण गोष्टीत त्यांना एक क्रियापद मिळाले आहे, तेही ‘लावली’ असे प्रयोजक. हे मी भाच्याला सांगितले. ‘मावशी, तुम्ही सकाळी खुर्चीत बसल्यापासून भोयांच्या बाजूने बोलायला लागला आहात,’ तो म्हणाला. त्याचे खरे होते.

पाणी अगदी थोडे होते, बोटभर धार, पण स्वच्छ. बूट काढून पाय सोडावेत असे फार वाटले. तसे करू नये असा फलक नव्हता, पण करावे असे वातावरणही नव्हते. आम्ही दगडावर बसून उरलेले चेस्टनट खाल्ले. माझा गुडघा आता टमटमीत सुजला होता आणि पूर्वेच्या दारापर्यंत आणखी बरीच वाट होती.

त्या वाटेने एक आजोबा खांद्यावर नातवाला घेऊन उतरत होते. नातू चार-पाच वर्षांचा. त्याच्या डोक्यावर खाली दुकानांत मिळते तसली बादशाही टोपी होती, लाल गोंड्याची, मागे काळ्या दोऱ्याची लांब वेणी शिवलेली. पोर गाढ झोपले होते. टोपी घसरून त्याच्या डोळ्यांवर आली होती आणि वेणी आजोबांच्या छातीवर लोंबत होती. दर पायरीला आजोबा आधी काठी टेकत, मग पाय टाकत, आणि मोकळ्या हाताने टोपी वर सारत. आमच्यासमोरून जाताना त्यांनी माझ्या गुडघ्याकडे पाहिले, स्वतःच्या गुडघ्याकडे बोट दाखवले आणि काहीतरी म्हणाले.

‘काय म्हणाले?’ मी विचारले.

‘म्हणाले, खुर्चीतून उतरायचे होते.’